मदत हवी आहे: बिनतारी चार्जिंग दुपारीच का अडते?

नमस्कार. सोलापुरात चाटी गल्लीत माझे चादरींचे दुकान आहे. गल्ल्याजवळ तारांचा गुंता नको म्हणून महिन्यापूर्वी 15 वॅटचे चार्जिंग पॅड घेतले. सकाळी फोन त्यावर ठेवला की चार्जिंग सुरळीत होते. परंतु दुपारी पारा 42 अंशांच्या वर गेला की ते 80 टक्क्यांच्या आसपास अडते आणि फोन हातात धरवत नाही इतका तापतो. त्याच वेळी वायर लावली, तर तो जेमतेम कोमट होतो. पॅडखाली चादरीची घडी आहे (आमच्याकडे दुसरे काय असणार!) आणि फोनच्या कव्हरला मागे बोटात अडकवायची धातूची रिंग आहे.

फॅरेडे यांनी 1831 मध्ये मांडलेले प्रवर्तनाचे तत्त्व (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते) शाळेत शिकलो होतो, पण जिथे काही घासत नाही, तिथे एवढी उष्णता येते कुठून? शिवाय माझा टॅब पॅडवर ठेवला तर काहीच का होत नाही? पॅड सदोष असेल तर परत करायचे आहे, म्हणून कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

पॅड सदोष असेल असे वाटत नाही. पॅडमधल्या तांब्याच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो; घरच्या विजेत हाच आकडा 100 असतो. त्यामुळे निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र फोनमधल्या कॉइलमध्ये वीज उत्पन्न करते, आणि फोन तिचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करून बॅटरीला देतो. या प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दोन्ही कॉइल एकमेकींसमोर नीट आल्या नाहीत, तर हा तोटा आणखी वाढतो. 2023 मध्ये जाहीर झालेल्या ‘ची 2’ (Qi2) या बिनतारी चार्जिंगच्या मानकात चुंबक आले ते फोन आपोआप योग्य जागी बसावा म्हणूनच. आपल्या कव्हरवरची रिंग बरोबर मध्ये येते आणि त्या क्षेत्रात तिच्यातही प्रवाह फिरून ती तापते. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नसल्यामुळे फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. जी चादर थंडीत आपल्याला ऊब देते, ती पॅडखालची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही, हे वेगळे सांगायला नको.

टॅबविषयी म्हणाल, तर बहुतेक टॅबमध्ये ही कॉइल नसतेच, त्यामुळे त्याला वायरच लागेल.

मूळ प्रश्नकर्ता:

आभारी आहे. घडी काढून पॅड फरशीच्या तुकड्यावर ठेवले आणि कव्हर उतरवले. आज दुपारी दोन वाजता चार्जिंग 93 टक्क्यांपर्यंत गेले आणि मग थांबले. पॅड परत करत नाही. वैशाख सरेपर्यंत दुपारी तेवढी वायर लावेन.