मदत हवी आहे : स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या रॅट्सचे पिंजरे साफ करणाऱ्या मामांची काळजी कशी घ्यावी? (सांगली)

एम.फार्म.चं शेवटचं वर्ष, फार्माकॉलॉजी. कॉलेज सांगलीजवळ. विस्टार रॅट्सना स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह निर्माण करायचा आणि मग एका वनस्पतीचा अर्क तपासायचा, असा प्रोजेक्ट आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आली आहे. डोस, पीएच ४.५ चं सायट्रेट बफर, रात्रभर ग्लुकोजचं पाणी हे सगळं सीनियर्सकडून कळलंय, त्यावर उत्तरं नकोत.

माझी काळजी अ‍ॅनिमल हाउसच्या मामांची आहे. मी हातमोजे घालून इंजेक्शन देणार आणि लॅबमध्ये परत येणार. पिंजरे मात्र मामा साफ करतात, तेही उघड्या हातांनी. मधुमेह झालेली रॅट भरपूर लघवी करते, म्हणजे पिंजऱ्यात अंथरलेला तूस सारखा बदलावा लागणार. तूस शिराळा भागातल्या भातगिरणीतून येतो, त्याची धूळ खूप उडते. झाडताना मामा तोंडाला फक्त रुमाल बांधतात. नंतर तो तूस मागच्या उकिरड्यावर जातो आणि तिथून कुणी ना कुणी उसाला खत म्हणून भरून नेतं.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे औषध '२बी' गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवू शकेल अशा पदार्थांत टाकलं आहे. गाइड म्हणतात, एवढ्याशा डोसनं काय होतंय. पण मामांना दोन लहान मुली आहेत आणि पिंजऱ्यात काय आहे हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. नक्की काय काय करायला हवं? आमच्याकडे फ्यूम हूड (घातक वाफा, धूळ बाहेर ओढून घेणारं कपाट) आहे, पण अ‍ॅनिमल हाउसपासून लांब.

उत्तर १ (मिरज)
तुमची काळजी रास्त आहे. औषध रक्तातून लवकर जातं, पण त्याचे अवशेष लघवीत उतरतात. आम्ही इंजेक्शननंतरचे पहिले तीन दिवस पिंजऱ्यातला तूस विषारी धरूनच हाताळतो. सुरुवातीलाच तूस जाड घाला. फार ओला झाला तर रॅट नव्या पिंजऱ्यात हलवा आणि जुना पिंजरा झाकून ठेवा. काढायच्या आधी तूस पाण्याच्या स्प्रेनं भिजवा. कोरडा झाडायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. मामांना नायट्राइलचे दुहेरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा गाऊन, चष्मा आणि एन९५ द्या. सर्जिकल मास्क बारीक धूळ अडवत नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या खोलीत काम देऊ नका.

उकिरडा आजच बंद करा. तूस आणि मेलेली रॅट पिवळ्या पिशवीत घालून जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीला द्या आणि आत सायटोटॉक्सिक (पेशींना मारक) औषध आहे हे लिहून द्या. २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा १२०० अंशांच्या वर जाळावा लागतो. ४८ तासांपेक्षा जास्त साठवून ठेवू नका.

उत्तर २ (सातारा)
पावडर उघड्या बॅलन्सवर वजन करू नका. हूडमध्ये वायलच्या रबरी झाकणातून बफर आत सोडा, म्हणजे पावडर उडणार नाही. समोरून वारा येणारा लॅमिनार (गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं कपाट) असेल तर त्यात बसू नका, तो सगळं तुमच्या तोंडावर फेकतो. लुअर-लॉक (सुई फिरवून घट्ट बसणारी) सिरिंज घ्या, सुईला टोपी परत लावू नका.

गाइडशी वाद घालण्यापेक्षा फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज) काढा. त्यात घातक रसायनांचा रकाना असतो. तो नीट भरून, वरची पद्धत जोडून कमिटीपुढे ठेवा. तिथे सीसीएसईएचे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीचे) नॉमिनीही असतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. फॉर्म बी उद्याच काढते. प्रत्येक पिंजऱ्याला औषधाचं नाव आणि इंजेक्शनची तारीख मराठीत लिहून कार्ड लावणार आहे. डोस द्यायच्या आधी मामांसोबत बसून गाऊन कसा घालायचा, हातमोजे कसे काढायचे हे दोन-तीनदा करून घेईन. एकच राहिलं : रिकामे पिंजरे धुतलेलं पाणी सध्या उघड्या गटारात जातं. त्याचं काय करता तुमच्याकडे?