रा. गो. भांडारकरांवर बोलायचंय, पण कुलपती म्हणून

तारकर्ली_वाट:
नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. 6 जुलैला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची जयंती. जन्म मालवणचा, 1837 सालचा, त्यामुळे आमच्याकडे हा दिवस दरवर्षी होतो. यंदा बोलायचं माझ्याकडे आलंय. दरवर्षी संस्कृतचे पंडित आणि पुण्याची भांडारकर संस्था एवढंच सांगितलं जातं. माझ्या वर्गात मुली जास्त आहेत, म्हणून मला त्यांच्या आयुष्यातलं दुसरं एक पान उघडायचंय. 1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, त्याचे पहिले कुलपती भांडारकर होते. ही एवढी एकच ओळ मला सापडली. ऐंशीला टेकलेल्या माणसाने ते पद कशाला घेतलं? आणि त्याने विद्यापीठाला काय मिळालं? जाणकारांनी जरा सांगा.

परटवणे_रत्नागिरी:
ताई, हा विषय कोणी काढत नाही. तुम्ही काढलात, फार बरं वाटलं. मी हायस्कूलला संस्कृत शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे या माणसाशी माझं जुनं नातं आहे. जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात मालवणातून करा, पण तिथे रेंगाळू नका. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, आणि 1862 साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत रानड्यांच्या जोडीला हे. काही वर्षांनी रत्नागिरीच्याच हायस्कुलात ते हेडमास्तर होऊन आले. त्याच दशकात त्यांनी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तकं लिहिली. पहिल्या पुस्तकाची एक जुनी प्रत माझ्याकडे आहे, शिवण उसवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. धडा उघडला की आधी नियम, मग भाषांतराला संस्कृत वाक्यं, मग उलट भाषांतराला इंग्रजी वाक्यं, आणि लागणारे शब्द तिथल्या तिथे. शेजारी शास्त्रीबुवा नसले तरी मुलगा स्वतःच्या बळावर पुढे सरकावा अशी ती मांडणी. तोवर संस्कृत म्हणजे पाठशाळा आणि वर्षानुवर्षांचं पाठांतर. ज्यांना पाठशाळेच्या उंबऱ्यावरही उभं केलं जात नव्हतं, त्यांच्याही हातात हे पुस्तक पडू शकत होतं. मुलींना हे आवर्जून सांगा.

आता कुलपतीपदाचं. मुंबई विद्यापीठात कुलपती म्हणजे गव्हर्नर. ते पद हुद्द्याबरोबर आपसूक यायचं, कारभार कुलगुरू बघायचे. 1893 साली भांडारकर तिथे कुलगुरू झाले. त्यांच्याआधी त्या खुर्चीवर एकच भारतीय बसला होता, न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग. म्हणजे विद्यापीठ आतून कसं चालतं आणि पदवीची पत कशाने राहते, हे भांडारकरांना कोणी शिकवायला नको होतं.

महिला विद्यापीठाला सरकारची मान्यताच नव्हती. गव्हर्नर कुठून येणार? कुलपती आपला आपणच निवडायचा होता. शिकवायचं मातृभाषेतून, तेही 1916 साली! पहिल्या वर्षी कॉलेजात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. पदवीच्या जोरावर सरकारी नोकरी मिळेल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी कोण बाप आपली मुलगी धाडील? तिथे जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या डॉक्टरेटचा, ‘सर’ किताबाचा, मुंबईचं कुलगुरुपद भूषवलेला माणूस पाठीशी उभा राहिला. आयुष्यभर कमावलेली पत त्याने बिनमान्यतेच्या विद्यापीठाच्या नावे केली. कुलपतीकडून याहून मोठं काम कुठलं अपेक्षायचं?

आणि हे म्हातारपणी सुचलेलं नव्हे. 1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल काढणाऱ्यांत रानडे, वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर भांडारकर होते. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. 1891 साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचं दुसरं लग्न लावून दिलं. त्याच वर्षी संमतिवयाच्या, म्हणजे विवाहित मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवण्याच्या, वादात मुलींच्या बाजूने धर्मशास्त्रातले आधार काढून दिले. ज्या पोथ्यांच्या जोरावर लोक मुलींना अडवत होते, त्याच पोथ्या त्यांनी मुलींसाठी उघडल्या. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

हर्णै_बंदर:
सर, लिहिलंत छान, पण मी थोडा वेगळा बोलतो. कुलपती हे मानाचं पद. खस्ता खाल्ल्या त्या कर्व्यांनी. मी दापोलीकडचा, मुरुड आमच्या शेजारी, म्हणून कदाचित मला जास्त लागतं. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेलेला मुलगा, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. त्याने पुढे 1893 साली विधवेशी लग्न केलं, तर याच मुरुडाने त्याला वाळीत टाकलं. वर्गणीसाठी गावोगाव फिरले तेही कर्वेच. पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे, ते मुर्डीचे. ते फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळून हे काम बघत होते. आणि खरी उभारी आली ती 1920 साली मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख दिले तेव्हा. मुलींना सांगायचं तर कर्व्यांचं सांगावं असं माझं मत.

परटवणे_रत्नागिरी:
हर्णैकर, कर्व्यांच्या खस्तांपुढे मीही हात जोडतो. पण तुम्हीच लिहिलंत, गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. अशा माणसाच्या हाती आपली मुलगी सोपवायची तर लोकांना कोणाची तरी हमी हवी होती. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हाही तो चालवणाऱ्या मंडळीचे अध्यक्ष भांडारकरच होते. वीस वर्षांनी विद्यापीठ निघालं, तेव्हा पुन्हा तेच. वर्गणी मागायला दारात आलेल्या माणसाच्या कागदावर वर कोणाचं नाव आहे, हे देणारा आधी बघतो. मी शाळेसाठी वर्गणी गोळा करत हिंडलोय, मला हे चांगलं माहीत आहे. ठाकरसींचा पैसा आला चार वर्षांनी. त्याआधीची चार वर्षं विद्यापीठ कोणाच्या शब्दावर तगलं, तेही बघायला हवं.

सरकारी कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो थेट 1951 साली. भांडारकर 1925 सालीच गेले. कर्व्यांना मात्र तो दिवस बघायला मिळाला, ते 1962 पर्यंत होते.

देवगड_सडा:
बाईनू, बरो विषय काढलात. माझ्या आजीन कर्व्यांच्या आश्रमाचा नाव घेतलेला माका आठवता, पण भांडारकर त्यात होते ह्या आज कळला. भाषण झाला की हयच लिवा.

तारकर्ली_वाट:
सर, हर्णैकर दादा, तुम्हां दोघांचेही मनापासून आभार. मी दोघांचंही घेणार. कुलपती मालवणचे, कुलगुरू मुर्डीचे, संस्थापक मुरुडचे, सगळे या किनाऱ्याचे, हे मुलींना नकाशावर दाखवते. आणि वाळीत टाकलेल्याच्या मागे नावाजलेला माणूस उभा राहिला, तो मुद्दा मध्यावर ठेवते. सर, तुमच्याकडच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्याचा फोटो मिळेल का? दोन वाक्यं फळ्यावर मुलींकडूनच सोडवून घ्यावीत असं मनात आहे.

परटवणे_रत्नागिरी:
आज रात्री पाठवतो. एक सांभाळा. 1916 सालचं सांगताना एस. एन. डी. टी. म्हणू नका. ते नाव ठाकरसींच्या देणगीनंतरचं, त्यांच्या आईचं. भांडारकर कुलपती झाले ते भारतवर्षीय महिला विद्यापीठाचे. आणि अर्धा तास असेल तर रत्नागिरीची शाळा पाच मिनिटांत आटपा, 1891 सालाला वेळ द्या. मुली तिथेच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतील.