व्हिएन्नाला भुरीला न्यायचं का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

मी (म्युनिक): आई, बाबा, तुमची विमानाची तिकिटं झाली, व्हिसा झाला. आता व्हिएन्नाचं पक्कं करू. मे महिन्याचा तिसरा आठवडा, बुधवार ते शनिवार. हॉटेल धरायच्या आधी एकच गोष्ट ठरायचीय : आमच्या कुत्रीचं, भुरीचं काय?

आई: काय म्हणजे? ती येणार. दोन वर्षांनी भेटणार आहे मला.

बाबा: मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला ते कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम नीट बघायचं आहे. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ब्रॉइगेल या चित्रकाराचं ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र कॅलेंडरमधून कापून वर्गात लावलं होतं. खरं चित्र आता समोर येणार आणि बाहेर कुत्रं खोळंबलंय म्हणून अर्ध्या तासात निघायचं, हे मला जमणार नाही.

दादा: बाबांचं बरोबर आहे. तिकडे कुत्रे सांभाळणारी चांगली ठिकाणं असतात ना? चार दिवस ठेव.

मी: आहेत. एक जागा बघूनही आले, चांगली आहे. तरी मला तिला न्यायचंय. कारण सांगते, जरा लांब होईल.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको तिला घेऊन साल्झबुर्गला गेलो होतो. यादी आपल्यासारखीच केली : वरचा किल्ला, गेट्राइडगासे ही गल्ली, मोझार्टचं जन्मघर. भुरी त्या यादीत कुठे बसेल याचा विचारच केला नव्हता. गल्लीत गर्दी इतकी की ती मधेच खाली बसली, उठेना. मग तिला हॉटेलच्या खोलीत ठेवून आम्ही दोघं जन्मघर बघायला गेलो. पाऊण तासात फोन आला. परत येऊन बघतो तर दाराला ओरखडे, आणि रडून रडून तिचा आवाज बसलेला. ती आपल्या गल्लीत वाढलेली, म्युनिकच्या घरातही कधी फार वेळ एकटी नसते. अनोळखी खोलीत दार बंद झालं म्हणजे तिला काय वाटलं असेल. चूक पूर्ण आमची होती. दुसऱ्या दिवशी काहीच बघितलं नाही. तिच्याबरोबर साल्झाख नदीच्या काठाने चालत राहिलो, बाकावर बसलो, पुन्हा चाललो. साल्झबुर्ग म्हटलं की मला अजून तोच दिवस आठवतो.

म्हणून या वेळी उलट्या बाजूने आखणी केलीय. आधी भुरीचा दिवस, मग त्यात आपलं बघणं.

आत्या: बिचारी. पण अगं, त्या मोठ्या शहरात ट्राम, मेट्रो, त्यात तिला घेऊ देतात का?

मी: हो आत्या. पट्टा आणि मझल दोन्ही लावलं की व्हिएन्नाच्या मेट्रोत, ट्राममध्ये, बसमध्ये चालतं. तिचं कमी दराचं तिकीट काढायचं. बंद पिशवीत मावणारं छोटं कुत्रं असेल तर फुकट.

आई: मझल म्हणजे मुसकं? मळणीला बैलाला बांधतात तसलं? माझ्या भुरीला?

मी: आई, ऐक. ती चावते म्हणून नाही, तिथला तो नियमच आहे, सगळ्यांच्या कुत्र्यांना. मी घेतलंय ते जाळीचं आहे, टोपलीसारखं. आत तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडाचं घट्ट मिळतं ते मी घेतलंच नाही. कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, अंगातली उष्णता ते जीभ बाहेर काढून धापेवाटे घालवतं. तोंडच आवळलं तर ते जीवावर बेतू शकतं.

सवय गेले तीन आठवडे लावतेय. पहिले काही दिवस जाळी नुसती हातात धरली आणि आत तळाशी दही लावलं. ती आपणहून नाक घालून चाटायची. मग चाटताना पट्टा नुसता मानेवर ठेवला, बांधला नाही. मग पाच सेकंद बांधला, सोडला. आता बांधून अंगणात फेरी मारतो. परवा जाळी काढून आणली तर शेपटी हलवत स्वतःच पुढे आली. तू येशील तेव्हा बघशीलच.

आई: दही घालतेस ना, मग ठीक.

वहिनी: तिला सीमेवर कागद दाखवावे लागतात का?

मी: निळा युरोपियन पेट पासपोर्ट आहे तिचा. कातडीखालच्या चिपचा नंबर आणि रेबीजची लस त्यात आहे, लसीची मुदत चालू आहे. ऑस्ट्रियाला तेवढं पुरतं. फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे इथे जायचं तर आधी जंताचं औषध देऊन डॉक्टरांची नोंद लागते.

दादा: मग पुढच्या वर्षी आम्ही येताना आमच्या लॅब्रॅडॉरला आणू का? पोरं मागे लागलीत.

मी: दादा, मनापासून सांगते, आणू नकोस. भुरीला आणताना मी सगळं केलंय. आधी चिप, त्यानंतर रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जातं, मिलीलीटरला ०.५ युनिट तरी प्रतिकारशक्ती दिसावी लागते. आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, मगच प्रवेश. म्हणजे चार महिने तयारीतच जातात. वर मुंबईच्या सरकारी प्राणी संगरोध (क्वारंटाइन) केंद्राचा दाखला, परत आणताना पुन्हा त्यांचं ना-हरकत. आणि एवढं करून ते वजनाचं कुत्रं विमानाच्या पोटात, पिंजऱ्यात, इतके तास. मी केलं कारण आम्ही इथे राहायला आलो, ती आमच्याजवळच राहणार होती. दहा दिवसांच्या सहलीसाठी त्याला त्यातून नेऊ नये असं मला वाटतं. त्याला वहिनीच्या आईकडे ठेव, त्यांच्याकडे तो रमतो.

वहिनी: आईला आवडेलच.

आत्या: आणि भुरीला दिवाळीला इकडे? सगळ्यांना भेटेल.

मी: कागदांनी जमतं, आत्या. रक्ताची तपासणी निघायच्या आधी इथेच करून पासपोर्टात नोंदवली तर परत येताना ते तीन महिने थांबावं लागत नाही. पण विमान तेच, आणि दिवाळीत फटाके. नको.

बाबा: माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मी: येतेय बाबा, तेच लिहीत होते.

म्युझियम गुरुवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. म्हणून गुरुवार पूर्ण तुमचा. सकाळी भुरीला प्राटरच्या मोठ्या बागेत नेऊ. तिथे हाउप्टआले म्हणून साडेचार किलोमीटरच्या आसपास सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, गाड्या नाहीत. तिला दीड तास मनसोक्त हुंगत चालू दिलं की दुपारी ती झोपते. मग दुपारी दोनला तुम्ही आत जायचं, बाहेर कधी यायचं ते तुम्ही ठरवा. ब्रॉइगेलची चित्रं जगात सगळ्यात जास्त त्याच इमारतीत आहेत, त्या एका दालनातच तुमचा तास जाईल. आई पहिला तास तुमच्याबरोबर, हा आणि मी भुरीबरोबर समोरच्या मारिया टेरेसा चौकात बाकावर. मग आई बाहेर, मी आत. मग मी बाहेर, हा आत. तुम्हाला कोणी फोन करणार नाही.

शुक्रवारी शोनब्रुन. महालात कुत्रं चालत नाही, तिथल्या प्राणिसंग्रहालयात तर नाहीच (ते १७५२ चं आहे, चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं). तिथे तुम्ही दोघं आणि हा. मी भुरीला घेऊन मेट्रोने डोनाउइन्झेलला जाईन. डॅन्यूब नदीतलं २१ किलोमीटर लांब बेट आहे, कुत्र्यांना मोकळं सोडायच्या जागा वेगळ्या आखलेल्या आहेत. मी महाल आधी पाहिलाय, मला काहीच चुकल्यासारखं वाटणार नाही.

श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चला आळीपाळीने. दक्षिणेच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो सोडून द्या. उत्तरेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना तोच बरा. वर मोठी घंटा बघायला मिळते. त्या चौकात घोडागाड्या उभ्या असतात आणि भुरी घोड्यांना घाबरते, म्हणून तिला घेऊन मी मागच्या गल्लीत थांबेन.

आई: जेवायचं काय? चार माणसं आणि ती, हॉटेलात कोण घेणार?

मी: तिथल्या कॉफीहाउसमध्ये कुत्रं टेबलाखाली बसलेलं सगळीकडे दिसतं. आपल्या कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो, तिच्यासाठी वाडगा मागितला की तोही येतो. तिच्या अंगाखाली ओळखीच्या वासाचं काहीतरी हवं, मग ती तासभर हलत नाही. हॉटेलात मी तीनच गोष्टी विचारल्या : तिचे रात्रीचे पैसे किती, खोली खालच्या मजल्यावर मिळेल का, आणि नाश्त्याच्या खोलीत तिला आणता येतं का. एकटं ठेवायचंच नाही, त्यामुळे चौथा प्रश्न उरत नाही.

दादा: आजारी पडली तर?

मी: व्हिएन्नात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, त्यांच्या दवाखान्यात रात्रीही तातडीची सोय आहे. पत्ता आणि नंबर उद्या ग्रुपवर टाकते, सगळ्यांनी जपून ठेवा. बाबा, ते विद्यापीठ १७६५ मध्ये महाराणी मारिया टेरेसानेच सुरू केलं. ज्या चौकात आपण बसणार, तिथे मधोमध तिचाच पुतळा आहे.

बाबा: हे मला माहीत नव्हतं.

आत्या: आणि ट्रेन किती तासांची गं?

मी: म्युनिकहून थेट, साधारण चार तास. तिला खाणं तीन तास आधी, मग थेरेसियनवीजच्या मैदानावर लांब फेरी. कुत्र्याला सीट राखून मिळत नाही, म्हणून आपल्या चार जागा टेबलाच्या घेतल्या, ती पायाशी आत झोपेल. वाटेकडेला झोपली तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय शेपटीवर पडतो.

बाबा: गुरुवारच्या पाळीत माझं नाव कुठे आहे?

मी: तुमचं नाव घातलंच नाही बाबा. तुम्ही आत.

बाबा: घाल. साडेपाच ते साडेसहा भुरीजवळ मी बसेन. वही आणि पेन्सिल घेऊन येतो. त्या चित्रात शिकाऱ्यांच्या मागे कुत्री आहेत, माना खाली घातलेली, दमलेली. ती बघून बाहेर आलो की मला तिला काढायचं आहे. तेवढा वेळ ती शांत बसेल ना?

मी: सकाळी प्राटरला चालली असेल तर नक्की बसेल.

आई: तिची जुनी सतरंजी माळ्यावर आहे, आपल्या जिन्याखाली झोपायची ती. उद्या धुऊन वाळवून बॅगेत टाकते.

मी: आण आई. पण धुऊ नकोस.