शाळवातला गोल आणि 'सातवाहनांचं गाव'

शाळूकणीस
परवा इथंच 'उडती तबकडी' यांनी वेदगंगेकाठच्या एका शाळवाच्या रानाचा ड्रोनमधून काढलेला फोटो टाकला. हिरव्या पिकात एक पिवळट गोल, त्याला लागून दोन गडद सरळ पट्टे. खाली मजकूर: 'सातवाहनकालीन खेडं. गोल घर, शेताच्या हद्दी. दोन हजार वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नाही.' त्यावर वाहवा, फुलं, हात जोडलेले. तीन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

तो गोल माझ्या चुलत्याचं खळं आहे. मी स्वतः त्यात मळणीच्या बैलांच्या पातीमागं फिरलोय. मधे तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, पाणी शिंपडून धुम्मसनं चोपलेली जमीन, वरून शेणकाला, आणि दरसाल त्याच जागी. मळणी मशीन आलं, खळं मोडलं, रान नांगराखाली आलं. पण नांगर वीत-दीड वीत जातो. खालचा थर अजून दगडासारखा आहे. मुळी तिथं अडते. पौषात वरची ओल संपली की तेवढाच शाळू आठ दिवस आधी पिवळा पडतो. गडद पट्ट्यांतला एक म्हणजे नदीवरून आणलेल्या पाइपलाइनचा चर. भरलेली माती मोकळी, म्हणून ताटं हातभर उंच. दुसरा जुना पाट. झाले तुमचे सातवाहन!

वरून पिकाचा रंग बघून खाली काय पुरलंय ते ओळखायचं, हे शास्त्र विलायतेतलं. तिकडं खडूच्या, वाळू-गोट्यांच्या जमिनी, वर गहू नाहीतर बार्ली. पुरलेला चर शतकानुशतकं जागचा हलत नाही. आमची काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगून मिटते, वरचं खाली नि खालचं वर. तिथं दोन हजार वर्षांचा चर दोरी लावल्यासारखा राहील?

आणि जुन्या गावाची जागा शोधायला आम्हाला आकाशात जावं लागत नाही. काळी शेताची, पांढरी गावाची, एवढं आमच्या म्हाताऱ्यांना कळत होतं. राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची माती, ती पांढर. खापरं पायाला लागतात. उठलेल्या गावांना सरकारी दप्तरात बेचिराग म्हणून नोंद असायची. तलाठ्याला चहा पाजला असता तरी काम झालं असतं.

उडती तबकडी
काका, 'सातवाहन' लिहिलं ती घाई झाली. एवढं मान्य, पुढचं नाही.

तुम्ही खळ्याचं जे सांगितलंत, मुळी अडते, ओल संपते, पीक आधी पिवळं पडतं, तेच तर हे शास्त्र! पुरलेल्या भिंतीवर पीक खुरटतं, बुजलेल्या चरावर जोमानं येतं. विलायतेचं नको म्हणता आणि खळं त्याच नियमानं ओळखता. 1925 मध्ये इंग्लंडात इन्सॉल नावाच्या वैमानिकाला वरून जे दिसलं, त्यावरून वुडहेंज हे लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ सापडलं आणि पुढं खोदून खात्री झाली. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्याजवळ ड्रोनमधून पुरलेलं अख्खं वर्तुळ दिसलं. तिथल्या शेतकऱ्यांनीही ते रान पिढ्यानपिढ्या कसलंच होतं की.

उसात काही दिसणार नाही, पाणी सतत. खानापूरकडच्या भाताच्या खाचरातही नाही. पण शाळू रब्बीचा, नुसत्या ओलीवर येतो, मुळी खोल जाते, कणीस भरताना पाण्याला तरसतो. आपल्याकडं असली खूण उमटलीच तर शाळवातच उमटेल.

मेंढका
तुमच्या दोघांच्या मधी आमच्या मेंढ्या राहिल्या. उन्हाळ्यात रानात वाडा बसवतो, वाघर म्हणजे जाळी लावून. रोज जागा बदलतो. लेंड्या-मूत पडलेली जागा पुढच्या पिकात लांबनं ओळखू येते, काळाभोर हिरवा चौकोन. तुमच्या ड्रोनवाल्यानं बघितलं तर म्हणंल राजवाडा.

उडती तबकडी
मामा, तुम्ही थट्टा करताय, पण ही पण वस्तीचीच खूण. तेलंगणात उटनूरला 1957 मध्ये राखेचा ढीग खोदला तेव्हा खाली नवाश्मयुगातला गुरांचा वाडा निघाला, कुडाच्या खुंटांच्या खळग्या आणि खुरांचे ठसेसुद्धा.

मेंढका
म्हणजे चार हजार वर्षांनी आमच्या वाड्यावर पण पाटी लावणार. लावा.

सीमाभागी
मूळ मुद्दा कुणीच घेईना. तिथं जुनं गाव सापडलं की उद्या त्याला कन्नड नाव देऊन फलक लागणार. बेळगावचं बेळगावी 2014 ला केलंच. 1956 पासून हेच चाललंय, सीमावादावरच्या महाजन अहवालात तेच, आजही तेच. पांढरी हा मराठी शब्द आहे, म्हणजे गाव कुणाचं ते स्पष्ट आहे.

हाळूरकर
माझं घर त्याच पट्ट्यात, मी दोन्ही बोलतो. आमच्या आईकडचे त्याच जागेला हाळूर म्हणतात, उजाड गाव. तेवढ्यावरून गाव कन्नड होत नाही आणि पांढर म्हटल्यानं मराठी होत नाही. हलशीच्या कदंब राजांनी ताम्रपट संस्कृतात लिहिले. मग हलशी काय बनारसला द्यायची? हे भांडण घरी ठेवून या की वो.

सीमाभागी
तुम्हाला लागलं म्हणून मी गप्प बसू? माझ्या पोराला शाळा सोडल्याचा दाखला कन्नडमधनं मिळालाय, तो मला वाचता येत नाही.

हाळूरकर
दाखल्याचं दुखणं खरं आहे. पण ते शाळवात पिकत नाही.

पांढरीची लेक
शाळूकणीस, 'आमच्या म्हाताऱ्यांना कळत होतं' हे वाचून हसू आलं. कळत होतं म्हणूनच तर संपवली. आमच्या गावाबाहेर तीन पुरुष उंच टेकाड होतं. आता डबरं आहे.

माझी आज्जी दर दिवाळीआधी तिथनं पाटीभर माती आणायची, भिंती सारवायला. मी चाळणीनं चाळून द्यायची. चाळणीत उरायचं ते माझं. एकदा मसुराएवढा भाजक्या मातीचा मणी, आरपार भोक असलेला. शंखाच्या बांगडीचे तुकडे तर किती. एक खापर असं की आत काळं कुळकुळीत, बाहेर लाल, पुसलं की चमकायचं. आज्जी म्हणायची, फेक ते, मेलेल्या बायकांचं असतंय. मणी मी फेकला नाही, अजून माझ्याकडं आहे.

पाटीभर मातीनं टेकाड जात नाही, जेसीबीनं जातं. उसाच्या रानाला पांढर चांगली म्हणून ट्रॉल्यांच्या ट्रॉल्या नेल्या, दोन उन्हाळ्यांत सपाट. आणि इथं तुम्ही ड्रोनवाल्या पोरावर घसरलाय. त्यानं निदान फोटो काढला, उचलून तरी नेलं नाही.

तंबाखूवाला
ताई, त्या ट्रॉल्यांत चार माझ्या होत्या, लपवत नाही. रान खारवटून चोपण झालं होतं, खताचं पोतं परवडत नव्हतं. माती फुकट होती, गावानं अडवलं नाही. तंबाखूला भाव पडला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही, आता इतिहासाचा उमाळा आलाय.

पांढरीची लेक
चार ट्रॉल्यांत किती आज्ज्यांच्या बांगड्या गेल्या, मोजल्या का?

तंबाखूवाला
मोजल्या असत्या तर पुरातत्त्व खात्याला कळवावं लागलं असतं. कळवलं की शंभर मीटरात बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरात परवानगी. गोठ्याचा पत्रा बदलायलाही अर्ज. माझ्या मेव्हण्याचं घर एका जुन्या देवळाजवळ आहे, न्हाणीघर बांधायला हेलपाटे घालून चपला झिजल्या त्याच्या. तुमची आज्जी बरोबर होती, फेकून द्यावं.

उडती तबकडी
ते शंभर-दोनशे मीटर 1992 च्या अधिसूचनेनं आले, 2010 च्या दुरुस्तीनं कायद्यात पक्के झाले, आणि केंद्राच्या संरक्षित यादीतल्या वास्तू-स्थळांनाच लागू. रानात गोल दिसला म्हणून लागत नाहीत.

तंबाखूवाला
आज लागत नाहीत. तुमच्यासारख्यांनी फोटो टाकत राहिलं की लागतील. म्हणून म्हणतो, दुसऱ्याच्या रानावर ड्रोन उडवायच्या आधी त्याला विचारावं. विचारलंस का?

उडती तबकडी
नाही विचारलं.

शाळूकणीस
हे बरं झालं निघालं. माझ्या चुलत्याच्या डोक्यावरून भुणभुणत गेला. ते विळा घेऊन धावले होते, त्यांना वाटलं कुणी जमीन मोजायलाय.

पांढरीची लेक
परत ड्रोनवरच आलात. टेकाडाचं काय? बेळगावच्या अंगाला लागून वडगाव-माधवपूरला खोदलं म्हणून सातवाहन काळची वस्ती निघाली. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सांकळिया आणि दीक्षितांनी 1945-46 मध्ये खोदलं. ती टेकाडं तुमच्यासारख्यांच्या हाती आधी लागली असती तर? तंबाखूवाले, मी तुम्हाला चोर म्हणत नाही. पण 'गावानं अडवलं नाही' हे उत्तर मला पुरत नाही.

तंबाखूवाला
नका पुरू देऊ. मातीत एक पाटा सापडला होता, चार पायांचा. बायको त्यावर चटणी वाटते. बघायला या. आणणार नाही, द्यायचाही नाही.

हाळूरकर
अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी 1960 ते 1972 मध्ये काढलेले फोटो 1995 साली खुले झाले. ना जेसीबी, ना इतका ऊस, रान तेव्हाचं तसं दिसतं. ताईंच्या गावचं टेकाड त्यात असेल. खळ्याच्या गोलाचाही निकाल लागेल.

शाळूकणीस
कसला निकाल? तेव्हा खळं चालूच होतं. नशीब असलं तर फोटोत बैलामागचा ठिपका मी असेन.

उडती तबकडी
काका, एकच विचारतो, चुलत्यांना विचारून सांगा. सगळं रान सोडून खळं नेमकं तिथंच का?

शाळूकणीस
(दोन दिवसांनी) विचारलं. लिहायला हात उठत नव्हता, पण लिहितो. चुलते म्हणाले, 'काळीत खळं केलं तर भेगा पडतात, जोंधळा भेगंत जातो. आज्जानं बघून धरलं. तेवढीच जागा पांढुरकी, कधी तडकत नाही.' मी विचारलं, खापरं? म्हणाले, 'बांधाला टाकलीत की सगळी, पोरांच्या पायात रुतायची.'

तेव्हा पांढर असू शकते. पीक पिवळं पडतंय ते खळ्यानंच, हे माझं कायम. आणि शोध ड्रोननं लावला नाही, चुलत्याच्या आज्जानं लावला. फोटोखालचं 'सातवाहन' खोड.

उडती तबकडी
खोडलं. 'चुलत्यांचं खळं, खाली बहुधा पांढर' असं लिहिलंय. पुढच्या पौषात परत येऊ का? विचारून.

शाळूकणीस
ये. भाकरी खाऊन जा. पाइपलाइन माझी आहे, तिला अशोकाची म्हणायचं नाही.

मेंढका
एक आधीच सांगून ठेवतो. उन्हाळ्यात त्याच रानात आमचा वाडा बसणार आहे, चुलत्यांनी पोतंभर जोंधळं कबूल केलंय. गोलाच्या शेजारी हिरवा चौकोन दिसला तर तो आमचा.