केरळ शास्त्र साहित्य परिषदेचं काम बघायला जायचंय: कुठे जावं, काय बघावं?

कृष्णाकाठचा_मास्तर:
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत मी, शेजारच्या शाळेतल्या एक बाई आणि ग्रामपंचायतीचे दोन तरुण सदस्य असे चौघं केरळला निघालोय. फिरायला नाही, गावोगाव लोकांत विज्ञान नेणाऱ्या शास्त्र साहित्य परिषद या संघटनेचं काम बघायला. आमच्या शाळेत प्रयोगाची पेटी आहे, पण गावातल्या विहिरी, सांडपाणी, चुलीचा धूर यांच्याशी तिचा काही संबंध असेल असं गावात कुणाला वाटत नाही. मलाही तो दाखवता आलेला नाही. परिषदेने हे जोडून दाखवलं असं ऐकतो. हाताशी सहा दिवस आहेत. नेमकी कोणती जागा बघावी? मल्याळम आमच्यापैकी एकालाही येत नाही.

सुलभा_कुडाळ:
मास्तर, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी निवृत्त मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिंधुदुर्गात साक्षरता अभियान होतं, तेव्हा मी कलापथकात गात होते. गाणी आणि पथनाट्यं घेऊन गावोगाव जायची ही रीत परिषदेने केरळात 1980 पासून चालवली होती, हे तेव्हा शिबिरात कळलं. एर्नाकुलम 1990 मध्ये देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा झाला, त्यातही परिषदेचेच कार्यकर्ते पुढे होते. तेव्हापासून एकदा जायचं मनात होतं. निवृत्त झाल्यावर जानेवारीत मैत्रिणीबरोबर जाऊन आले.

जागा म्हणाल तर पालक्काडजवळ मुंडूरला परिषदेने 1987 मध्ये उभारलेलं ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथे एक दिवस द्या. आम्ही तिथे कमी धुराची चूल बघितली आणि ओल्या कचऱ्याचं खत करायची बादलीही, आत नारळाच्या काथ्याचा भुसा घातलेली. चुलीपाशी मी फार वेळ थांबले. आमच्याकडेही एकेकाळी निर्धूर चुली वाटल्या होत्या. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांतल्या, बऱ्याच वर्षभरात मोडल्या किंवा बायकांनी त्यांचं धुराडं काढून टाकलं. कोणी मुद्दाम नाही मोडल्या. धुराड्यात काजळी साचली की साफ कशी करायची हे कोणी दाखवलं नव्हतं आणि आमच्या भाताच्या टोपाला त्यांचं तोंड लहान पडत होतं. मुंडूरला मी पहिला प्रश्न तोच विचारला. ते म्हणाले, आधी बायकांच्या स्वयंपाकघरात बसलो, त्यांची भांडी मोजली, मग चूल बांधायला माणसं तयार केली आणि ती माणसं चूल बघायला परत जात राहिली. मास्तर, मला त्या क्षणी माझ्या बीटमधली घरं आठवली. परत जायचं काम आम्ही केलं नाही.

पण नुसतं केंद्र बघून परतू नका. परिषद 1962 मध्ये कोळिकोडला सुरू झाली ती मल्याळममध्ये विज्ञान लिहिणाऱ्या मंडळींची. ती वाढली गावोगावच्या युनिटांमुळे, म्हणजे स्थानिक शाखांमुळे. संध्याकाळी एखाद्या युनिटची बैठक गाठा. आम्ही एका गावच्या वायनशाळेत, म्हणजे वाचनालयात, बसलो. बारा-तेरा माणसं होती: वीज मंडळातला लाइनमन, दोन शिक्षिका, रबराच्या झाडांना चीक काढणारे एक गृहस्थ, कॉलेजातल्या पोरी. टेबलावर गावाचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर एकेक विहीर. कुठली कधी आटते, यावर वाद चालला होता आणि तो चीक काढणारा माणूस शिक्षिकेचं चुकतंय म्हणून सांगत होता. शिक्षिका आपली तारीख खोडून त्याने सांगितलेली लिहीत होती. तुम्ही पेटीचं म्हणालात ना, ते मला तिथे दिसलं.

भाषेची काळजी नको. तिथल्या शाळांत हिंदी शिकवतात, युनिटात एखादे हिंदीचे शिक्षक बहुधा निघतात. पैसा कुठून येतो हेही विचारा. मुख्यतः पुस्तकं विकून, दारोदार जाऊन. मुलांसाठीचं ‘युरेका’ हे मासिक 1970 पासून चालू आहे. दोन अंक घेऊन या. अक्षर कळलं नाही तरी चित्रांवरून प्रयोग कळतात.

पाबळचा_माजी_विद्यार्थी:
सुलभाताईंनी छान लिहिलंय. सर, केरळला जरूर जा, पण त्याआधी एक शनिवार पाबळला विज्ञान आश्रमात या. पुण्यापासून साधारण 70 किलोमीटर. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून दुष्काळी गावात हे सुरू केलं. मी तिथे वर्षभर राहून शिकलो. वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, रक्तगट तपासणी सगळं हाताने. मी दहावीला गणितात नापास झालेला. लोखंडी घुमटाच्या पट्ट्या कापताना एक पट्टी बोटभर आखूड पडली आणि अख्खा घुमट बसेना, तेव्हा मला माप आणि कोन कळले. आठवी ते दहावीसाठी असाच विषय शाळेतही घेता येतो. तुमच्या ग्रामपंचायतीच्या पोरांना आणा, त्यांना मराठीतून सगळं विचारता येईल.

कृष्णाकाठचा_मास्तर:
दोघांचे मनापासून आभार. पाबळ सुट्टीआधीच करतो. ताई, परिषदेने ज्या जंगलासाठी लढा दिला ती सायलेंट व्हॅली मुंडूरहून जवळ आहे का? आणि दिवाळीत तिथे शाळा चालू असतात का?

सुलभा_कुडाळ:
शाळा चालू असतात, त्यांच्याकडे आपल्यासारखी दिवाळीची मोठी सुट्टी नाही. तुमच्या फायद्याचंच आहे, एखादी शाळा बघता येईल. मात्र कार्यकर्ते नोकरदार, ते संध्याकाळी किंवा रविवारीच भेटतात. मुलांची बालवेदी, म्हणजे परिषदेचं मुलांचं मंडळ, तीही सुट्टीच्या दिवशी. म्हणून रविवार मध्ये येईल असं बघा.

सायलेंट व्हॅली त्याच रस्त्याला, मन्नारक्काडच्या पुढे मुक्काळीला. तिथून वनखात्याच्या जीपने सैरंध्रीपर्यंत जाता येतं, जागा आधी ठरवून ठेवा. मनोऱ्यावरून कुंतीपुळा नदीचं खोरं दिसतं. तिथे विजेसाठी धरण बांधायचं घाटत होतं. ते झालं असतं तर हे खोरं पाण्याखाली गेलं असतं. प्रा. एम. के. प्रसाद आणि परिषदेच्या इतर मंडळींनी नुसतं जंगल वाचवा म्हटलं नाही. मलबारला, म्हणजे उत्तर केरळला, वीज दुसरीकडून कशी देता येईल याचा हिशेब मांडून ते लोकांत गेले. 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

पुणे–कन्याकुमारी गाडी थेट पालक्काडला थांबते. त्या दिवसांत तिकडे दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, छत्र्या घ्या. आणि तुमच्या गावच्या विहिरींची यादी बरोबर न्या. बैठकीत तुम्हालाही विचारतील.