छोट्या छपाईची कॉमिक्स: संस्कृती वगैरे, की नुसती हौस?

शाईचा_डाग

भाचीने सुट्टीत २४ पानी कॉमिक काढलं. एसटीतला एक कंडक्टर, ज्याच्याकडे कधीच सुट्टे नसतात, आणि एक आजी, जिच्या कनवटीला सुट्टेच असतात. चित्रं तिची, अक्षरं तिची. कोपऱ्यावरच्या छापखान्यातून २०० प्रती काढल्या, मध्ये पिना मारून घेतल्या. चित्रकारांच्या एका जत्रेत अर्धं टेबल मिळालं. दिवसभरात ३१ प्रती खपल्या. रात्री आमचे दाजी म्हणाले, "एवढ्या पैशात गोव्याला जाऊन आली असतीस. आणि फुकट इन्स्टावर टाकलं असतंस तर हजार लोकांनी पाहिलं असतं."

दाजींना द्यायला मला तिथे उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

१९५४ साली कवितेचं 'शब्द' हे छोटं मासिक निघालं ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून हाताने प्रती काढून. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे कवी पोरंच होती तेव्हा. पुढे अनियतकालिकांची, म्हणजे जमेल तेव्हा स्वतःच्या खर्चाने काढलेल्या छोट्या अंकांची, लाट आली, राजा ढाले आणि नामदेव ढसाळ तिथूनच पुढे आले. त्या अंकांचा खप विचारला असता तर तेव्हाच्या दाजींनीही गोव्याचंच तिकीट काढून दिलं असतं. आज ते अंक विद्यापीठांत अभ्यासाला आहेत.

चित्रकथेचंही तसंच आहे असं माझं मत. मोठी कंपनी काढते ते कंपनीचं असतं. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. सन्मानाने नाव आणि वर्षाला २० हजार डॉलरचं मानधन मिळायला १९७५ उजाडलं. माणसाला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर त्याने स्वतः छापावं. तुम्हाला काय वाटतं?

---

आठवा_फर्मा

छपाईत तीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. भाचीचं कौतुक, पण तुलना गंडली आहे.

अनियतकालिकवाल्यांना भांडायला कोणीतरी होतं. समोर 'सत्यकथा' हे प्रतिष्ठित मासिक उभं होतं, ते काढणाऱ्या मौज प्रकाशनाचा दबदबा होता. ढाल्यांनी 'सत्यकथे'वर तोफ डागली, कारण ती तोफ डागण्याइतकी मोठी होती. कॉमिक्समध्ये तुमच्या भाचीसमोर कोण उभं आहे? कोणीच नाही. रिकाम्या मैदानात धावण्याला बंड म्हणत नाहीत, व्यायाम म्हणतात.

आणि मराठी माणसाच्या मनात जी चित्रकथा रुजली ती सगळी मोठ्यांनीच दिली. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ 'टाइम्स'वाल्यांनी दिला. अमर चित्र कथा १९६७ पासून. 'चिंटू' १९९१ साली सुरू झाला तो एका मोठ्या दैनिकात. चिंटूची कात्रणं आमच्या कारखान्यातल्या यंत्रावर चिकटवलेली असायची. कोणी छोट्या छपाईचं कॉमिक कुठे चिकटवलेलं पाहिलंय का?

---

रानभूल

@आठवा_फर्मा, मी पाहिलंय. चिकटवलेलं नाही, पण झेरॉक्स करून फिरवलेलं.

ओरिजित सेनचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', १९९४. कल्पवृक्ष या पर्यावरणवादी गटाने काढलं. गंमत म्हणजे खर्चाला अनुदान केंद्र सरकारच्याच पर्यावरण खात्याचं, आणि विषय नर्मदेवरचं धरण! भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून आज त्याचंच नाव घेतात. विष्णू नावाचा एक शहरी वार्ताहर खोऱ्यात जातो, आणि दुसऱ्या बाजूला मालगू गायन नावाचा गाणारा जग कसं निर्माण झालं ते सांगत असतो. बातमीची पानं आणि गाण्याची पानं एकमेकांत घुसतात. हे 'टाइम्स'ने छापलं असतं? अमर चित्र कथेने? तेव्हा वेताळही बंद होऊन चार वर्षं झाली होती.

पुस्तक वर्षानुवर्षं बाजारात नव्हतं. माझ्याकडे होती ती झेरॉक्सची झेरॉक्स. काही चौकटींत चेहरे काळे ठिक्कर पडलेले, कोण बोलतंय ते संवादाच्या फुग्याच्या शेपटीवरून ओळखायचं. अखेर २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनाने ते नव्याने काढलं. म्हणजे जन्म छोट्याकडे, पुनर्जन्मही छोट्याकडेच. मोठे मधल्या काळात काय करत होते?

---

खानदेशी_ठेचा

रानभूल ताई, तुम्ही नर्मदेचं नाव काढलं म्हणून मला राहवेना.

आम्ही शहाद्याचे. मणिबेली आमच्याकडचं, तेव्हा धुळे जिल्हाच होता, नंदुरबार १९९८ ला वेगळा झाला. महाराष्ट्रात बुडिताचं पाणी पहिल्यांदा शिरलं त्या गावांपैकी ते. माझे काका त्या भागात शिक्षक होते. आता मला सांगा, मणिबेलीतल्या किती जणांनी 'रिव्हर ऑफ स्टोरीज' वाचलं? ते इंग्रजीत आहे! भिलांची कथा, नदी आमची, बुडाले ते लोक आमचे, आणि पुस्तक वाचणार दिल्लीतला माणूस.

मला तुमच्या "सांस्कृतिक मूल्य" या शब्दाचीच चीड येते. कोणाची संस्कृती? १०० प्रती छापायच्या, त्यातल्या ६० मित्रांनी घ्यायच्या, ४० दुसऱ्या चित्रकारांनी अदलाबदलीत न्यायच्या. ही संस्कृती नाही, भिशी आहे.

अमर चित्र कथेला नावं ठेवणारे ठेवोत (नायक गोरे, राक्षस काळे, सगळं मान्य). पण ती मराठीत आमच्या तालुक्याच्या स्टँडवर मिळायची. मी वाचायला तिच्यावर शिकलो.

---

शाईचा_डाग

ठेचा, भिशी झोंबली. ३१ पैकी ९ प्रती शेजारच्या टेबलवाल्यांनीच घेतल्या होत्या. भाचीनेही त्यांची तेवढीच घेतली. तरी २२ उरतात, आणि ते अनोळखी होते.

पण अमर चित्र कथेबद्दल एक. ती चित्रं काढली कोणी? आपल्याच माणसांनी. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. लहानपणी मला वाटायचं सगळं तिचे संपादक अनंत पैच काढतात. चित्रकारांची नावं कोणाला ठाऊक होती?

---

आठवा_फर्मा

नावं आत छापलेली असायची हो. पहिलं पान उलटून बघायची सवय आपल्याला नव्हती, हा दोष कंपनीचा नाही. आणि तेच प्रताप मुळीक पुढे राज कॉमिक्ससाठी नागराज काढत होते. म्हणजे मोठ्यांकडे काम करून माणूस जगतही होता. तुमच्या 'स्वतंत्र' चित्रकारांपैकी कॉमिक्सवर घर चालवणारा एक दाखवा. दिवसा जाहिरातीचे स्टोरीबोर्ड, रात्री स्वातंत्र्य.

---

काळापांढरा

मी दोन्ही बाजूंना दगड मारतो.

'स्वतंत्र' म्हणजे 'चांगलं' हे कोणी ठरवलं? १९८४ साली अमेरिकेत ईस्टमन आणि लेअर्ड या दोघांनी उसनवारी करून कृष्णधवल कॉमिक छापलं, पहिल्या छपाईला तीनेक हजार प्रती. ते म्हणजे निन्जा टर्टल्स. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण त्यामागोमाग जे आलं ते कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे पेन होतं त्याने कृष्णधवल कॉमिक काढलं, उंदीर निन्जा, बेडूक निन्जा, काय वाट्टेल ते. दुकानदारांनी उद्या भाव चढेल म्हणून गठ्ठे भरले. १९८७ च्या सुमारास फुगा फुटला आणि त्यात दुकानंही बुडाली. हेही छोट्या छपाईचंच कर्तृत्व.

मी अशा जत्रांतून कॉमिक्स घेतो. दहातल्या सात मध्ये संपादक नसल्याचं पान तीनलाच कळतं. शुद्धलेखन सोडा, कोणती चौकट आधी वाचायची तेच उमगत नाही. आणि टीका करायची सोय नाही, कारण काढणारा समोर खुर्चीत बसून तुमच्या तोंडाकडे बघत असतो. तिथे मीसुद्धा "छान आहे" म्हणून शंभराची नोट काढतो. दाजींच्या प्रश्नाला हेही एक उत्तर: इन्स्टावर निदान खोटं तरी बोलावं लागत नाही.

---

रानभूल

@काळापांढरा, संपादक हवा, एकदम मान्य. पण छोटी छपाई म्हणजे संपादक नाही हे कुठून आलं? स्पीगलमन आणि मूली यांचा 'रॉ' हा कॉमिक्सचा अंक १९८० ला निघाला तो त्यांच्या न्यूयॉर्कच्या राहत्या जागेतून, आणि त्याच्याइतकं काटेकोर संपादन मोठ्यांकडे शोधून सापडलं नसतं. स्पीगलमनचं 'माउस' त्यात चिमुकल्या पुरवणीसारखं क्रमशः येत होतं. १९९२ ला त्यालाच विशेष पुलित्झर.

आणि टर्टल्सच्या लेअर्डने मिळालेल्या पैशातून स्वतः छापणाऱ्यांना अनुदान देणारी झेरिक ही संस्था काढली, तेही सांगायचं होतंत की.

---

मु_पो_मसूर

गाव नावात आहे म्हणून बोलतो. आमच्या स्टेशनाची गोष्ट मला कॉमिकमध्ये भेटली, आणि मोठ्या कंपनीच्या नाही.

१९०१. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला मसूर स्टेशनावर उतरतो. कोणी न्यायला आलेलं नसतं. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही. दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, असं ठरतं. वाटेत प्यायला पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. शाळेत आम्हाला ते चार ओळींत उरकलं होतं.

'भीमायन' २०११ ला 'नवयान' या छोट्या प्रकाशनाने काढलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पानावर चौकटीच नाहीत, घरात भिंतीला काढतात त्या दिग्न्याच्या नक्षीने पान वळतं. आणि संवादांचे फुगे बघा. साध्या, सोसणाऱ्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात. विटाळ मानणाऱ्याचं बोलणं ज्या फुग्यात, त्याला विंचवाची नांगी. मी हे माझ्या सहावीतल्या मुलाच्या हातात दिलं. इंग्रजी त्याला अर्धंच झेपलं. पण नांगी दिसली की तो म्हणायचा, "आता हा वाईट बोलणार." वाचायच्या आधीच!

काळापांढरा, तुम्ही म्हणता कोणती चौकट आधी ते कळत नाही. इथे चौकटच नाही, आणि तरी पोराला कळलं. हे अमर चित्र कथेच्या ठरलेल्या साच्यात बसलं असतं का? आंबेडकरांवर त्यांचाही अंक आहे, मी वाचलाय. वाईट नाही. पण त्यातला मसूरचा गाडीवान आणि पुराणातला सारथी एकाच हाताने काढल्यासारखे वाटतात.

---

खानदेशी_ठेचा

मसूरकर, दंडवत. हे घेतलं पाहिजे. पण बघा, "इंग्रजी त्याला अर्धंच झेपलं" हे तुम्हीच लिहिलंत. माझं भांडण तिथेच आहे, आणि ते संपलेलं नाही.

छोट्या छपाईचं मला पटणारं रूप वेगळंच आहे. शरद शर्मांची वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था खेडोपाडी कार्यशाळा घेते. ए-फोरचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी, काळं पेन, आपल्या भाषेत आपली अडचण. झेरॉक्स मारायची आणि बस थांब्यावर, शाळेच्या, पंचायतीच्या भिंतीवर चिकटवायची. काढणारा चित्रकार नसतो. रेशन न मिळालेली बाई असते, नाहीतर शाळा सोडलेला पोरगा. फर्मा काका, तुम्ही विचारलं होतं ना कुठे चिकटवलेलं पाहिलंय का? हे घ्या.

त्याला कोणी ग्राफिक कादंबरी म्हणत नाही, पुलित्झर मिळत नाही. पण ज्याच्याबद्दल आहे तो ते उभ्या उभ्या वाचतो आणि ग्रामसेवकही वाचतो.

---

काळापांढरा

ते प्रचारपत्रक झालं, कला नाही. कामाचं आहे, पण इथे चर्चा कॉमिक्सच्या मूल्याची चालली आहे.

---

खानदेशी_ठेचा

हा भेद कोणी केला? जत्रेत शंभराला मिळतं ती कला आणि भिंतीवर फुकट असतं ते पत्रक?

---

आठवा_फर्मा

ठेच्याचा मुद्दा मला लागू पडला, माघार घेतो. अर्धी. घर चालत नाही हे मी म्हणालो ते तसंच राहू द्या, त्याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

डाग, ते २०० प्रतींचं कॉमिक कसं दिसतं? फोटो टाका की.

---

शाईचा_डाग

टाकला. सातव्या पानावर एक घोळ झालाय, बघून हसू नका. कंडक्टर ओरडतो "सुट्टे द्या!" तो फुगा कापला गेलाय. नुसतं "सुट्टे" उरलंय. सगळ्या २०० प्रतींत. भाची दोन दिवस रडली. जत्रेत मात्र एका आजोबांना तेच आवडलं, म्हणाले कंडक्टर अर्धंच बोलतात.

---

आठवा_फर्मा

हसलो नाही. बघितलं. छापखान्याने कटिंगला जागाच सोडली नाही, आणि पोरीलाही कोणी सांगितलं नाही. कडेपर्यंत जाणारं चित्र तीन मिलिमीटर बाहेर काढायचं, आणि अक्षरं कडेपासून किमान आठ-दहा मिलिमीटर आत. पिनेच्या वहीत मधली पानं बाहेर सरकतात, कटिंगला तीच जास्त खातात. म्हणून सात ते अठरा या पानांना आणखी थोडी जागा द्यायची. पानं चारच्या पटीत आहेत ते बरोबर केलंय. कागद ९० जीएसएम (चौरस मीटरला ९० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, वाटतोय, तो चालेल, मुखपृष्ठ जाड हवं होतं.

पुढच्या वेळी छापायच्या आधी फाइल मला पाठवायला सांगा. पैसे नकोत.

---

खानदेशी_ठेचा

आणि आमच्या शहादा डेपोसाठी अहिराणीत काढा. आजीचे संवाद मी लिहून देतो, ती मराठीत फारच सभ्य बोलते आहे.