विहिरीच्या कठड्यातला पिंपळ जिवंत कसा हलवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावाकडच्या आमच्या जुन्या विहिरीच्या दगडी कठड्यात पिंपळ उगवलाय. कमरेएवढा झालाय, बुंधा अंगठ्याहून जाड. दोन चिरे सुटलेत. अजून एक-दोन पावसाळे गेले तर कठडा पाण्यात जाईल. आई कोयता लावू देत नाही, आणि माझाही हात धजत नाही.

आमचा गडी म्हणतो हा पिंपळ नव्हे, पायर आहे. पायरही अशीच दगडातून येते, म्हणून आधी खात्री करून घ्यायची आहे. पानाचं टोक शेपटीसारखं लांब, देठ बारीक आणि लांब, त्यामुळे जराशा झुळकीनेही सळसळतं. पालवी तांबूस-गुलाबी, तोडली की पांढरा चीक. फळं धरली असती तर ओळखणं सोपं झालं असतं. पिंपळाची फळं बिनदेठाची, पानाच्या बेचक्यात जोडीने येतात. शेजारच्या मळ्यात मोठा पिंपळ आहे. फळांच्या दिवसांत तिथे पक्षी उतरतात, बी त्यांच्याच विष्ठेतून आलं असावं.

मुळं सांध्यांत खोल शिरलीत, ओढली तर तुटणार. म्हणून जूनमध्ये बुंध्यालाच गुटी बांधावी म्हणते, म्हणजे साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि मुळ्या फुटल्या की वरचा भाग कापून लावायचा. पण साल गोल काढायची म्हटलं की आजी आठवते. तोंड आलं की ती आम्हाला पिंपळाच्या सालीच्या काढ्याने गुळण्या करायला लावायची. (आयुर्वेदातल्या पंचवल्कलात वड, उंबर, पायर, पारसपिंपळ यांच्यासोबत हीच साल असते, तो काढा जखमा धुवायला वापरतात.) साल मात्र ती फांदीच्या एकाच बाजूची काढायची. बुंध्याची गोल काढली तर झाड उपाशी मरतं, म्हणायची. खरंच आहे, पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. गुटीत तेच अन्न अडतं आणि वरच्या अंगाला मुळ्या फुटतात.

पिंपळाची गुटी कुणी स्वतः केली आहे का? मुळ्या दिसायला किती दिवस लागले? मुळ्या फुटायला मदत करणारं संजीवक लावलं होतं का? आणि वरचा भाग कापून नेल्यावर खाली राहिलेला खुंट पुन्हा फुटणारच. तो कसा थांबवायचा? विहिरीचं पाणी पिण्याचं आहे, त्यामुळे कुठलंही औषध ओतता येणार नाही.

लावायला ओढ्याकाठची मोकळी जागा बघून ठेवली आहे, घरांपासून लांब. पानांचे फोटो उद्या टाकते.